जमादारांची खुंटी

नागोराव जमादार गेल्याचं मला भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर कळलं, तेही तेरवी आटोपल्यावर. सांगणारा सहज सांगून गेला. लाखनीची गाडी सुटली तरी मी बाकावरच बसून होतो.

सत्तरच्या दशकात लाखनीजवळच्या आमच्या गावात पोलीस दिसला की दारं लागायची. लाखनी ठाण्याचे जमादार म्हणून आलेल्या नागोरावांनी ती उघडायला लावली. गावात आले की आधी माझ्या ओसरीत यायचे, टोपी खुंटीला अडकवायचे आणि बोडक्या डोक्यानं हिंडायला निघायचे. "टोपी पाहून मानूस अर्धंच बोलते, गुरुजी," म्हणायचे. तळ्याच्या पाण्यावरून भांडणाऱ्यांना तळ्याच्या पाळीवर, बांधावर, बसवायचे. एकानं तंबाखू काढायची, दुसऱ्यानं चुना द्यायचा, की तंटा मिटला. मी शाळामास्तर, म्हणून साक्षीला कायमचा. त्या मोठेपणाची मला चटक लागली होती, हे आज कबूल करतो.

एका वर्षी धान निसवायला आला, लोंब्या बाहेर पडू लागल्या आणि तळ्याचं पाणी आटलं. दोन सख्खे भाऊ पेटले. तंबाखू-चुना झाला, पण दुसऱ्याच दिवशी धाकट्याची बायको सारजा ओसरीत आली. थोरला दीर कुऱ्हाड दाखवतो म्हणाली. "मले भेव लागून राहिलं, साहेब. लिहून घ्या." नागोरावांनी वही काढलीही होती. मीच आडवा आलो. "लिहू नका साहेब. कागद झाला त गाव पुन्हा दारं लावते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वही मिटली... चार दिवसांनी धाकट्याचा उजवा हात कोपरापासून गेला.

चौकशीला वरचे साहेब आले. तक्रार का लिहिली नाही, या प्रश्नावर नागोराव एवढंच म्हणाले, "चूक माझी आहे, साहेब." सारजा नवऱ्याजवळ दवाखान्यात होती. मी मात्र तिथंच उभा होतो, आणि मला विचारलं तेव्हा काही माहीत नाही म्हणालो. नोकरीची भीती... दुसरं काय. त्यांची बढती अडली, बदली दूर जंगलातल्या चौकीवर झाली. गावातली दारं पुन्हा लागली.

निवृत्तीनंतर ते एकदा भंडाऱ्याजवळच्या शहापूरला भेटले. मी तो विषय काढणार, तोच त्यांनी विचारलं, "खुंटी हाय न अजून?" मी हो म्हणालो आणि बाकीचं गिळलं.

परवा हिय्या करून सारजाबाईकडे गेलो. वही मीच मिटायला लावली, असं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तठीच होती न, गुरुजी. हे मले नाही, जमादारायच्या वरच्या साहेबाले सांगाचं होतं."

खुंटी अजून आहे. ओसरीत मी आता तिच्याकडे पाठ करून बसतो.