ज्या खोलीत दुपटी सुकत नव्हती

मुलांनो,

थोरलीने परवा फोनवर सांगितलं की यंदा तिला उष्णता आणि वस्तुमान संक्रमण असा विषय आहे. बाकीचे सगळे सुटले, हा एकच राहिला, आणि याचा आजवर कुणाला काही उपयोग झाला असेल असं तिला वाटत नाही. धाकट्याने मागून ओरडून दुजोरा दिला. त्याला तो विषय नाही, पण दुजोरा देण्यात तो तयार आहे. मी सावकाश बोलते आणि तुम्ही दोघं घाईत असता. म्हणून लिहून पाठवते आहे, आणि परीक्षेच्या आधी पाठवते आहे. या विषयाचा उपयोग तुमच्या बाबाला झालेला आहे. त्याला ते आठवत नाही, कारण तेव्हा तो महिन्याचाही नव्हता.

मी नागपूरची. इंग्रजी शाळेत शिकले, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन भंडाऱ्याला आले. सासऱ्यांचा सुताचा व्यापार होता. ते माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात सासूबाई, तुमचे आजोबा आणि मी. तुमचे आजोबा वीज खात्यात होते. त्यामुळे मोहल्ल्यातली वीज गेली की लोक आमच्या दारात येऊन उभे राहत, जणू ती आजोबांनी खिशात घालून घरी आणली आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण मला आई नव्हती. सासूबाईंनी हा प्रश्न एका वाक्यात मिटवला. "मी आहो ना," त्या म्हणाल्या.

तुमचा बाबा ऐन वैशाखात झाला आणि पाठोपाठ नवतपा लागला. नवतपा म्हणजे आमच्याकडचे उन्हाळ्याचे सर्वांत कडक दिवस. त्यात कारध्याच्या पुलाखाली वैनगंगेची वाळू दुपारी अशी तापते की कुत्रीसुद्धा पाय उचलून चालतात.

बाळंतिणीची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. मातीची जाड भिंत, वर कवेलू, म्हणजे कौलं. दार एक, ओसरीवर उघडणारं, त्यावर वारा अडवायला गोधडीचा पडदा. खिडकी एक, बोळात उघडणारी, पण ती उघडत नसे. तिला खिळे मारलेले होते आणि फटीत शेणमाती भरलेली होती.

त्याचं कारण मला तुमच्या आजोबांनी सांगितलं. सासूबाईंची पहिली मुलगी त्याच खोलीत झाली होती, भर पावसाळ्यात. खिडकी उघडी राहिली, झड आत आली, मुलीची छाती भरली आणि ती गेली. सासूबाईंनी खिडकीला खिळे मारले. त्यानंतर त्याच खोलीत तुमचे आजोबा झाले आणि जगले. म्हणजे सासूबाईंच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी झाला होता. आता नातू त्याच खोलीत होता आणि खिडकी बंद होती. त्यात बदल करण्याचं त्यांना काही कारण दिसत नव्हतं.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात हे तुम्ही ऐकलं असेल. ऋतू कोणताही असो. थोरलीच्या पुस्तकात उष्णता तीन मार्गांनी जाते असं पहिल्याच धड्यात असेल: वहन, अभिसरण आणि प्रारण. मी तिन्हींचा अभ्यास पडल्या पडल्या केला. निखाऱ्यावरची गरम हवा बाजेच्या विणीतून वर येत होती, ते अभिसरण. निखारा लाल होऊन समोरची भिंत तापवत होता, ते प्रारण. आणि दिवसभर उन्हात तापलेली बाहेरची भिंत तिची उष्णता हळूहळू आत सरकवत होती, ती सूर्य मावळल्यावर, आता थोडं बरं वाटेल असं म्हणण्याच्या वेळेला, आमच्यापर्यंत पोचायची. ते वहन. माझं डोकं दुखायचं. बाळाच्या पाठीवर घामोळ्या आल्या होत्या आणि ते कमी पिऊ लागलं होतं.

तुमच्या आजोबांना हे बघवेना. ते आईशी वाद घालत नसत, वस्तू आणत असत. एका दुपारी ते हातगाडीवरून पत्र्याची एक मोठी पेटी घेऊन आले. ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली होती. तीन बाजूंना टट्ट्या, म्हणजे पाणी मुरवायच्या गवती चौकटी, समोर पंखा, खाली पाण्याचं टाकं.

सासूबाई ओसरीवर आल्या. "काय आणलं बापू हे? धानाची कोठी आहे का?"

"कूलर आहे, माय. गार हवा येते यातून."

"वारा?"

"वारा नाही. हवा."

सासूबाईंनी पेटीभोवती एक फेरी मारली. "मले तं पंखा दिसून राहिला याच्यात."

"आहे."

"मंग वारा नाही तं काय सरबत येते?"

तुमचे आजोबा पेटी पुसू लागले. उत्तर नसलं की ते काहीतरी पुसत.

शेवटी तडजोड झाली. कूलर ठेवायचा, पण खोलीच्या आत, कोपऱ्यात. दार बंदच, वर गोधडीचा पडदाही तसाच. खिडकीचं नाव काढायचं नाही. आणि शेगडी बाजेखालून हलणार नाही. "इकून पान्याचं, खालून आगीचं," सासूबाई म्हणाल्या. "बराबर होते."

टट्ट्यांत वाळा घालतात. वाळा विकत घ्यावा लागतो. तुमच्या आजोबांनी त्याऐवजी तणसाचा भारा सोडून भरला. तणस म्हणजे भाताचा पेंढा, आणि आमच्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. कूलर सुरू झाला आणि खोलीला गोठ्याचा वास येऊ लागला.

पहिला तास फार चांगला गेला हे मी मान्य करते. पाणी सुकताना हवेतली उष्णता घेतं आणि हवा गार होते. पण सुकलेलं पाणी कुठे जात नाही. ते वाफ होऊन हवेतच राहतं, आणि ती हवा बंद खोलीत असली तर खोलीतच राहतं. पंखा तीच हवा पुन्हा ओल्या तणसातून ओढून पुन्हा आमच्या अंगावर सोडत होता. दुसऱ्या दिवसापर्यंत भिंतीला हात लावला तर बोटं ओली होत. काडेपेटीतल्या काड्या पेटेनात. आता खोली गार नव्हती, नुसती ओली होती, आणि खाली शेगडी तिचं काम इमानाने करत होती. जगात कुणी एकाच बंद खोलीत भात उकडायचं आणि माणसं गार करायचं काम एकत्र घेतलं असेल असं मला वाटत नाही.

सासूबाई रोज सकाळी बाळाला न्हाऊ घालताना टाळूवर तेल घालत. तिसऱ्या दिवशी त्यांचं बोट टाळूवर थांबलं. त्यांनी तेल पुसलं आणि पुन्हा बोट ठेवलं.

"खाली बसली," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. टाळूला खळगा पडला होता. बाळाचे ओठ कोरडे होते आणि अंग ओलं होतं. ते रडतही नव्हतं.

डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं की लेकराच्या अंगातलं पाणी कमी झालंय. दूध काढून चमच्या-चमच्याने पाजा, शेगडी आताच्या आता बाहेर काढा, खोली मोकळी करा. संध्याकाळपर्यंत टाळू भरली नाही तर नागपूरला न्या. नागपूरला म्हणजे त्या उन्हात एस.टी.ने किंवा कुणाच्या ट्रकमध्ये.

सासूबाईंनी शेगडी स्वतः उचलून बाहेर नेली. खिडकीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. "डॉक्टराले काय जाते सांगाले," त्या म्हणाल्या. "दार उघडा, खिडकी उघडा. वारा लागन लेकराले, मंग कोन येईन?"

मी त्यांना समजावून सांगितलं. हवेत वाफ मावण्याची एक मर्यादा असते, ती भरली की घाम सुकत नाही, घाम सुकला नाही की अंगातली उष्णता बाहेर जात नाही. सगळं बरोबर सांगितलं. परीक्षेत मला याला पूर्ण गुण मिळाले असते. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं."

"मंग चमचा दे इकडं."

आम्ही आळीपाळीने दूध पाजत बसलो. तोंडात गेलेल्यापेक्षा गालावरून ओघळलेलं जास्त होतं. डॉक्टर जाताना दार हातभर उघडं राहिलं होतं आणि गोधडी एका बाजूला सरकलेली होती. ते लावायला कुणी उठलं नाही. तुमचे आजोबा ओसरीवर कूलरच्या पाण्याची बादली पुसत होते.

खोलीत दारापासून कूलरच्या कोपऱ्यापर्यंत एक दोरी बांधलेली होती. तिच्यावर बाळाची दुपटी वाळत घालत. लहान बाळाचे कपडे बाहेर टांगायचे नाहीत, नजर लागते, हा नियम होता. सकाळी धुतलेली दुपटी सासूबाईंनी एकदमच घातली होती. दोन दिवसांपासून खोलीत कोणतंच दुपटं सुकत नव्हतं आणि त्यावरून त्या चिडलेल्या होत्या. कोरडं दुपटं संपत आलं म्हणून त्या उठल्या आणि दाराकडून एकेक चाचपत निघाल्या.

दाराजवळचं त्यांनी काढून खांद्यावर टाकलं. पुढचंही काढलं. मधलं हातात धरून सोडून दिलं. कोपऱ्यातलं पिळलं, तर पाणी पडलं. मग त्या परत दाराशी गेल्या आणि पुन्हा पहिल्यापासून चाचपत आल्या.

"हे कधी घातलं वो तू?"

"मी नाही घातलं, आई. सगळी तुम्हीच घातली. एकदम."

"दाराजवळचं सुकलं."

"हो."

"अन् कोपऱ्यातलं वलंच हाय."

"हो."

"कूलर तं कोपऱ्यात आहे. वारा तं तितंच जास्त."

माझं बोलून झालेलं होतं.

त्या बाजेपाशी आल्या. बाळ आम्ही मुद्दाम कोपऱ्याकडे निजवलं होतं, तिथे गार म्हणून. त्यांनी त्याच्या पाठीखाली हात घातला आणि तळवा पाहिला. तो ओला होता.

"याचंबी सुकून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. मग तळवा पदराला पुसत म्हणाल्या, "कोंडलं काय आपुन याले?"

हा प्रश्न मला नव्हता. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि संडशी घेऊन आल्या. तुमचे आजोबा लगबगीने आत आले. "माय, दे. मी काढतो खिळे."

"तू नोको. म्याच ठोकले होते."

आधी त्यांनी फटीतली शेणमाती पोखरून काढली. मग खिळे. ते गंजलेले होते आणि संडशी हे त्या कामाचं हत्यार नव्हे. शेवटचा खिळा निघेना, तेव्हा त्यांनी फळीच ओढली आणि खिळा लाकूड घेऊन बाहेर आला. खिडकी उघडली. बोळातली गरम, कोरडी हवा आत आली. सासूबाई पदर पसरून खिडकी आणि बाज यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग पदर खोचला आणि बाजूला झाल्या.

"आन तुही पेटी," त्या आजोबांना म्हणाल्या.

कूलर बोळात, खिडकीच्या तोंडाशी लावला. दार पूर्ण उघडलं, गोधडी काढली. बाहेरची कोरडी हवा ओल्या तणसातून आत येत होती आणि दारातून निघून जात होती. थोरले, तुझा विषय एवढाच आहे. उष्णता जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे जाते, वाफही तशीच जाते, आणि दोन्हीकडे सारखं झालं की दोन्ही थांबतात. बंद खोलीत सगळं सारखं होतं. म्हणून हवेला यायला जशी वाट लागते तशी जायलाही लागते. उरलेली पानं आकडेमोडीची आहेत, ती तू कर.

दुपारी बाळाच्या पाठीवरचा घाम सुकला. मग त्याने डोळे उघडले, खोली आवडली नाही असा चेहरा केला आणि रडायला लागलं. चमचा बाजूला ठेवून मी त्याला जवळ घेतलं, तेव्हा ते स्वतः प्यायलं. दिवेलागणीला सासूबाईंनी टाळूवर बोट ठेवलं. तुमचे आजोबा दारात उभे होते. त्यांच्या हातात पुसायला काही नव्हतं.

"भरली," सासूबाई म्हणाल्या. आणि मग मला म्हणाल्या, "चहा टाक." बाळंतिणीला चहा टाकायला सांगितल्याचं आमच्या घराण्यात हे एकच उदाहरण आहे. मी टाकला.

त्यानंतर त्या रोज सकाळी खोलीत आल्या की आधी दोरीवरचं दुपटं चाचपत आणि मग बाळाकडे पाहत. हिवाळ्यात त्यांनी शेगडी परत आणली, पण खिडकी दोन बोटं उघडी ठेवून. पुढे मोहल्ल्यात कुणी बाळंत झालं की त्या बघायला जात आणि बाळाच्या रंगारूपाबद्दल बोलायच्या आधी विचारत, "दुपटी सुकतेत का खोलीत?" लोकांना वाटे, म्हातारीला कपड्यांची फार काळजी.

आता काय उरलंय ते सांगते. तणस उरलं नाही, शेजारच्या गाईने एका दुपारी बोळात उभं राहून उजवी टट्टी खाल्ली आणि आम्हाला वाळा घ्यावा लागला. पेटी ऐंशीच्या दशकात तळातून गंजली आणि भंगारात गेली. सासूबाई नाहीत, आजोबा नाहीत. तुमच्या बाबाची टाळू, केस गेल्यामुळे, पुन्हा दिसू लागली आहे. खोलीवर कवेलूंच्या जागी आता सिमेंटचे पत्रे आहेत. खिडकी तीच आहे. तिच्या चौकटीत खिळ्यांची भोकं आहेत, एका ठिकाणी लाकूड उचकटलेलं आहे, आणि ती उघडते.