पाण्यावरचा दगड

गोऱ्या साहेबाने जुन्या नकाशावरचे झरे तपासायला मला कुरवंड्याच्या माळावर धाडलं, तेव्हा तिथे गुरं चारणारा एक म्हातारा रोज भेटे. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच तो ‘व्हय’ म्हणे. उत्तर मात्र तंबाखू मळून झाल्यावर मिळे. जो झरा ज्या गाईने हुडकला, त्याला तो तिच्याच नावाने ओळखे.

“आबा, हा निळा ठिपका म्हणजे झरा,” मी एकदा दाखवलं.

दुसऱ्या दिवशी वारा फार होता, म्हणून मी नकाशाच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. त्याने वाकून एक हळूच उचलला.

“सायेब, हितं कपिलीचं पानी हाय. त्याच्या तोंडावर दगुड नगं. गुरं कुटं जातील?”

तो कोपरा मी अजून हातानेच धरतो.