एक कमी की नऊ जास्त?

मी टेम्पो चालवतो. शिवडीच्या गोदामातून माल उचलायचा आणि सांगतील तिथे टाकायचा. लायसन्सची मुदत संपत आली तसं शेठने सांगितलं, डॉक्टरचं सर्टिफिकेट आण, नाहीतर चावी ठेव. कोणी दम दिला की माझं आधी डोकं तापतं. पण घरात दुसरी कमाई नव्हती, म्हणून गुमान घोडपदेवच्या दवाखान्यात गेलो. बायको सोबत आली. मी तिथे भांडण काढणार याची तिला खात्री होती.

आमचे जुने डॉक्टर आता बसत नाहीत, त्यांची मुलगी बसते. इंग्रजी शाळेत शिकलेली, पण मराठी छान बोलते.

"काका, वय?"

"एकोणसाठ."

तिने पेन थांबवलं. "अजून गाडी चालवता?"

"मग काय, ढकलू?" मी म्हटलं. बायकोने टेबलाखालून चिमटा काढला.

तिने दंडाला पट्टा बांधला. "खालचं बीपी पंचाण्णव. थोडं जास्त आहे, पण तुमच्या वयाला चालवून घेऊ. तब्येत मस्त ठेवलीय तुम्ही." मी बायकोकडे बघून मिशीवरून हात फिरवला. लग्नापासून ही बाई मला सुकटीवरून बोलत आली आहे.

मग रंगांची तपासणी. लाल-हिरवा ओळखता आला नाही तर सही मिळत नाही. तिने एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके आणि त्यांत लपलेला आकडा.

"हा कोणता?"

"एकोणतीस."

"नीट बघा."

"नीटच बघतोय. एकोणतीस."

तिचा चेहरा पडला. "सॉरी काका. मला सही नाही करता येणार."

मी खरंच घाबरलो. इतकी वर्षं लाल सिग्नलला थांबलो तो रंग बघून की पोलीस बघून, असा माझाच मला संशय यायला लागला.

बायको पुस्तकावर वाकली. "चुकला काय गो बाय?"

"काका थर्टी नाईन म्हणतायत. इथे ट्वेंटी नाईन आहे."

"अगो, तिसाक एक कमी तो एकोणतीस."

"मला वाटलं, एकोण म्हणजे नऊ," डॉक्टर म्हणाली आणि लाजली. पुढची सगळी पानं मी धडाधड वाचली. मला शाबासकी हवी होती. पण तिचं पेन पुन्हा थांबलं.

"म्हणजे तुम्ही सिक्स्टी नाईन नाही?"

"मला अजून साठ पण लागलं नाही."

"मग पंचाण्णव नाही चालणार. गोळ्या सुरू करा, मीठ कमी करा आणि पंधरा दिवसांनी या. नव्वदच्या आत आलं तरच सही."

दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी दहा वर्षांनी तरुण झालो होतो आणि आजारी पडलो होतो. राग बायकोचा आला. तिने तोंड उघडलं नसतं तर रंगांत नापास झालो असतो, हे मला कळत होतं, तरी आला.

ते पंधरा दिवस वाईट गेले. सुकट बंद, लोणचं बंद, पापड बंद. बायको म्हणायची, चिडू नका, आणि मी त्यावरच चिडायचो.

पंधरा दिवसांनी पुन्हा पट्टा फुगला. हवा सोडताना डॉक्टर हसली. "आता मी मराठी आकडे शिकतेय हां. खालचं आहे एकोणनव्वद."

हे तिचं जुनं एकोण असेल तर नव्याण्णव, म्हणजे चावी गेली. विचारायचा धीर होईना. मी बायकोला कोपराने ढोसलं.

"एक कमी की नऊ जास्त?" शेवटी बायकोने विचारलं.

"एक कमी, काकू," असं म्हणत तिने सही केली.

सर्टिफिकेट खिशात घालून मी जिना उतरलो आणि खाली पोचायच्या आत सुकटीचा विषय काढला.

"एकच कमी आसा," बायको म्हणाली. "त्यात सुकटीक जागा खंय?"