वलगाव रोडची चांदमारी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. वकिलाच्या काळ्या कोटाच्या खिशात सुताचे धागे साचतात ना, कुठून आले ते कळत नाही, तसे ते साचतात. त्यातून चार माणसं एकाच वेडापायी दर रविवारी एका जागी भेटायला लागली, की मग विचारूच नका! आज मी अमरावतीपासून फार लांब राहतो. त्या मंडळींपैकी आता कोणी उरलं नाही. पण रविवार उजाडला की अजूनही सकाळी कान वलगावच्या दिशेला लागतात, आणि एकेक किस्सा आपणहून वर येतो.

वेड होतं चांदमारीचं. म्हणजे निशाण लावायचं आणि गोळी मारायची, एवढंच. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, राज्य साहेबाचं. अमरावतीहून वलगावकडे जाताना मुरुमाची एक सोडून दिलेली खदान होती. तिच्या उभ्या भिंतीला पुठ्ठा टेकवायचा, त्यावर काळा गोल काढलेला कागद, आणि लांबून एकेकानं नेम धरायचा. बस्स! याच्यापायी आम्ही किती वर्षं घालवली म्हणता!

* * *

सुरुवात आबासाहेबांनी केली. आबासाहेब म्हणजे अमरावतीच्या दिवाणी कोर्टातले नाणावलेले वकील, आणि मी त्यांचा ज्युनियर. त्यांना हवं होतं बावीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. काडतूस बारीक, आवाज थोडका, हाताला हिसका जवळजवळ नाहीच, त्यामुळे निशाणाच्या कामाला उत्तम. लायसनसाठी ते डेप्युटी कमिशनर साहेबापुढे उभे राहिले.

साहेबानं विचारलं, ''तुमच्या जिवाला कोणाचं भय आहे?''

''कोणाचंच नाही.''

''वाटेत दरोडेखोर?''

''अजून तरी भेटले नाहीत.''

''मग रिव्हॉल्व्हर कशाला?''

''कागदाला भोकं पाडायला,'' आबासाहेब म्हणाले.

साहेब खो खो हसला आणि त्यानं सही केली! बाररूममध्ये ही बातमी आली तेव्हा एक म्हातारे वकील चष्मा सारत म्हणाले, ''आबा, एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये खरं बोलून जिंकलेली ही तुझी पहिलीच केस!''

* * *

लायसन मिळालं, पण रिव्हॉल्व्हर काही घेतलं जाईना. आबासाहेबांना मनासारखंच हवं होतं. नळी लांब पाहिजे, कारण नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात जितकं अंतर जास्त तितकी नेमातली चूक डोळ्याला लवकर दिसते. मागची खाच स्क्रूनं सरकवता आली पाहिजे. चाप असा पाहिजे की काच तुटावी तसा एकदम सुटावा, ओढत राहायला नको. कॅटलॉग मागवून मागवून कपाट भरलं. कोर्टात समोरचा वकील तावातावानं बोलत असायचा आणि आबासाहेब ब्रीफच्या आड एका अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या चित्राकडे बघत बसायचे. तसं बघताना मी त्यांना स्वतःच्या लग्नाच्या फोटोकडेही पाहिलं नव्हतं!

दरवर्षी लायसन नवं करायला गेलं की कचेरीतला कारकून दौतीत टाक बुडवून विचारायचा, ''हत्याराचा नंबर?''

आबासाहेब उसासा टाकून म्हणायचे, ''अजून जन्माला यायचंय.''

* * *

वऱ्हाडात बंदुकांचा माल चांगला मिळायचा तो अकोल्याला, ताहेरभाई बोहऱ्यांच्या दुकानात. बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि जायचं. बरोबर गुलाबराव देशमुख हवेतच! गुलाबराव वलगावचे. काळ्याभोर जमिनीचे धनी, छातीवर रुळणाऱ्या मिश्या, आणि आवाज असा की कुजबुज केली तरी शेजारच्या वावरात ऐकू जावी.

आबासाहेब दुकानात रिव्हॉल्व्हर बघत नसत, त्याची उलटतपासणी घेत. घोडा चढवायचा, चक्र दोन बोटांत धरून हलवायचं, पुन्हा चढवायचं, पुन्हा हलवायचं. का, तर चक्रातलं काडतुसाचं घर नळीसमोर बरोबर येऊन थांबलं नाही तर गोळी वाकडी शिरते.

''ताहेरभाई, हे हलतं.''

''वकीलसाब, थोडा तो सब हिलता है,'' ताहेरभाई पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत म्हणाले. ''इस उमर में मैं भी हिलता हूं!''

तेवढ्यात गुलाबरावांनी दुसरं एक रिव्हॉल्व्हर उचललं आणि सवयीनं रिकामाच चाप ओढणार, तो ताहेरभाई किंचाळले. बावीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा काडतुसाच्या कडेवर पडतो. आत काडतूस नसलं तर तो घराच्या काठावर आपटतो आणि काठ चेपतो.

''खाली मत चलाइये! मुंह बिगड जायेगा!''

गुलाबराव दचकून दोन पावलं मागं सरले. ''कोनाचं? माह्यं?''

* * *

त्या दिवशी आबासाहेब नेहमीप्रमाणे रिकाम्या हातानं परत आले, आणि स्वतःचं लायसन खिशात ठेवून सहज सोबत आलेल्या गुलाबरावांनी मात्र रिव्हॉल्व्हर घेतलं! निकेलचं, चकचकीत, आखूड नळीचं.

आबासाहेब कळवळले. ''अहो गुलाबराव, एवढ्याशा नळीनं नेम कसा लागणार?''

''नेम जाऊ द्या जी. कसं अंगठीवानी चमकून राह्यलं, ते पाहा ना!''

पण घरी अडचण उभी राहिली. देशमुखांचं घर महानुभाव. आई दरवर्षी रिद्धपूरला जाणारी, घरात मुंगी मारायची चोरी. म्हातारीनं निक्षून सांगितलं, ''जीव घेनारी वस्तू माह्या घरात नाई पायजे.''

गुलाबरावांनी परोपरीनं सांगितलं, की माय, यानं फक्त कागदावर मारतो आमी. म्हातारीला पटेना. शेवटी एका रविवारी ती स्वतः बैलांची दमणी जुंपवून खदानीवर आली. दमणीतच बसून राहिली, मांडीवर हात ठेवून. गुलाबरावांनी मिशीवर ताव दिला, नेम धरला आणि चक्र रिकामं होईपर्यंत गोळ्या झाडल्या. धूर विरला. कागद कोराच्या कोरा!

म्हातारीनं कागदाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि गडीमाणसाला म्हणाली, ''चाल रे बापा, घराकडे घे दमणी. याले काई पाप लागत नाई!''

* * *

आता यमूताई. यमूताई आबासाहेबांच्या धाकट्या बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत कपाळ पांढरं होऊन माहेरी आल्या, भावानं शिकवलं, आणि त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागल्या. खदानीवर त्या यायच्या त्या आमच्या फराळाचा डबा घेऊन. एका बाजूला दगडावर बसून मुलींच्या वह्या तपासायच्या. निदान आम्हाला तसं वाटायचं.

पुढं गुलाबरावांचा हात जरा बसला, तेव्हा एकदा ते वैतागले. ''चार गोळ्या बऱ्या जातात, मंग एक कुठं जाते कोनास ठाऊक! काहून होऊन राह्यलं असं?''

यमूताई वह्यांतून मान वर न करता म्हणाल्या, ''गुलाबरावदादा, दर फेरीला डावीकडे जाणारी गोळी एकाच घरातली आहे. मी कधीची बघतेय.''

कोणाला खरं वाटेना. त्या उठल्या, हातातल्या लाल पेन्सिलीनं त्यांनी चक्राच्या एका घरावर खूण केली आणि स्वतः नेम धरला. पदर खांद्यावर घट्ट ओढलेला, हात सरळ. खूण केलेल्या घरातली गोळी डावीकडे गेली. बाकीच्या सगळ्या गोलात, एकमेकींना बिलगून! त्या आखूड, चकचकीत खेळण्यातून!

आबासाहेबांनी चक्र उघडून ते घर उजेडाकडे धरलं. मग म्हणाले, ''गुलाबराव, ते एक घर वाकडं आहे. ताहेरभाईंना परत द्या हे.''

''राहू द्या जी,'' गुलाबराव म्हणाले. ''आमच्या घरातबी एक भाऊ तसाच हाय. त्याले काय परत केला?''

त्या दिवसापासून मात्र वह्या घरी राहायला लागल्या. यमूताईंचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागायचा आणि आम्ही तिघेही लवकर आटपायचो. त्यांचा नेम बघायला मिळावा म्हणून. माझ्यापुरतं सांगायचं तर, मी फक्त नेमच बघत होतो असं काही म्हणणार नाही.

* * *

एकदा परतीच्या वाटेवर टांग्यात यमूताईंनी विचारलं, ''दादा, माझ्या नावानं लायसनचा अर्ज केला तर?''

कोर्टात ज्यांना कधी शब्द शोधावा लागला नाही ते आबासाहेब चष्मा काढून पुसायला लागले. 

''साहेब देईलही गं,'' ते म्हणाले. ''पण शाळेची कमिटी... एक विधवा बाई, हातात रिव्हॉल्व्हर... दुसऱ्या दिवशी नोकरीवरून काढतील. वर अमरावतीच्या वर्तमानपत्रांत पत्रं छापून येतील ती वेगळीच.''

''नाही रे. सहज विचारलं.''

गुलाबरावांना राहवलं नाही. ''काढतात तं काढू द्या ना! माह्या वलगावात शाळा खोलून देतो बाईले!''

यमूताई हसल्या. ''आणि तिथल्या कमिटीवर कोण असेल, गुलाबरावदादा?''

''म्या आन् गावचे लोक.''

''मग झालंच!''

गुलाबरावांनी मिशीचं टोक दातांत धरलं आणि टांगेवाल्याला घोडा हाकायला सांगितलं. 

* * *

आणि एका हिवाळ्यात ताहेरभाईंचा निरोप आला, मनासारखा माल आलाय. आम्ही सगळेच गेलो. मेजावर मखमलीवर दोन रिव्हॉल्व्हरं ठेवली होती. दोन्ही बावीस बोअरची, दोन्हींची नळी लांब, मागची खाच स्क्रूवर सरकणारी. आबासाहेबांनी चक्रं धरून हलवली. हलली नाहीत! त्यांचे डोळे पाणावले, खोटं नाही सांगत.

फरक एकच होता. एक वजनदार, रुंद मुठीचं. दुसरं सडपातळ, मूठ लहान.

दुकानामागच्या अंगणात ताहेरभाईंनी वाळूची पोती रचलेली होती. आबासाहेबांनी पोत्यावर मनगट टेकून मोठं चालवून पाहिलं. सुरेख! लहान घेतलं, तर करंगळीला जागाच नाही, गोळ्या कागदभर. ''मूठ आहे की चेष्टा!'' म्हणत त्यांनी ते यमूताईंच्या हातात दिलं.

यमूताईंनी पोत्याचा आधार घेतला नाही. उभ्या राहिल्या, हात लांबवला आणि एकेक गोळी सावकाश झाडली. ताहेरभाई कागदापाशी गेले आणि त्यांनी भोकांवर खिशातला रुपया ठेवला. सगळी भोकं झाकली गेली!

''बाई,'' गुलाबराव त्यांच्या मानानं हळू म्हणाले, ''हे तं तुमच्याच हाताचं माप घेऊन बनवलं!''

यमूताईंनी चक्र उघडलं, रिकामी काडतुसं काढली, पदरानं मूठ पुसली आणि रिव्हॉल्व्हर मखमलीवर ठेवलं.

''छान आहे. पण दादाच्या हातात बसत नाही. मोठंच घ्यावं.''

परतताना आबासाहेब पेटी मांडीवर घेऊन लहान मुलासारखे बसले होते. दर स्टेशनाला उघडून बघत होते. यमूताई खिडकीशी बसून उजव्या हाताची मूठ मिटत होत्या, उघडत होत्या.

''हात दुखतोय का गं?'' आबासाहेबांनी विचारलं.

''नाही,'' त्या म्हणाल्या. ''गार पडलाय.''

* * *

हा शेवटचा. पुढं मी स्वतंत्र वकिली सुरू केली. अकोल्याला एका दाव्यासाठी गेलो होतो. कोर्ट लवकर उठलं म्हणून ताहेरभाईंकडे डोकावलो. त्यांनी मला आतल्या खोलीत बसवून चहा दिला. पडद्यापलीकडे दुकानात कोणीतरी आलं.

''सलाम, बाईसाब,'' ताहेरभाईंचा आवाज आला.

''शाळेच्या परीक्षांसाठी आले होते. गाडीला अवकाश आहे.''

आवाज यमूताईंचा! मी उठलो, पडद्याच्या फटीपर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो.

ताहेरभाईंनी काही विचारलं नाही. खाली वाकून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं. यमूताईंनी फडकं सोडलं. तेच लहान मुठीचं रिव्हॉल्व्हर! चक्र उघडून ते रिकामं असल्याची त्यांनी खात्री केली, बंद केलं, आणि समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्यावर नेम धरला. हात तसाच ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. चाप ओढला नाही. मग फडक्यावर ठेवलं.

''कोणी विचारलं का याच्याबद्दल?''

''नहीं, बाईसाब.''

''बरं,'' त्या म्हणाल्या, छत्री उचलली आणि स्टेशनाकडे निघून गेल्या.

मी बाहेर आलो. ''ताहेरभाई, एवढी गिऱ्हाइकं येतात तुमच्याकडे. इतकं उत्तम हत्यार, अजून विकलं कसं गेलं नाही?''

ताहेरभाईंनी रिव्हॉल्व्हर पुन्हा फ्लॅनेलमध्ये नीट गुंडाळलं, काउंटरच्या अगदी तळाशी, काडतुसांच्या खोक्यांमागं सारलं आणि वर काचेच्या कपाटात मांडलेल्या मालाकडे हात दाखवत म्हणाले,

''वकीलसाब, किसी को दिखाऊंगा, तब तो बिकेगा ना!''