उरणचा शिक्का असलेलं पत्र

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत, ते पावणे गावचे दामोदरकाका गेले, त्याला आता सात आठवडे झाले. मागच्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा, सुनंदावहिनींचा फोन आला. "शिवाजीभाऊ, कबड्डी मंडळवाले बाबांची पत्रं काचेत लावतायत. रविवारी उरणच्या बाळारामदादांचा मुलगा येनार हाय, त्याला वडलांचं पत्र बघायचंय. पत्रांची फाईल तुमीच लावा." मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर फाईलला हात लावायला धजलो नाही... कारण बाळारामदादांचं ते पत्र मी लिहिलेलं होतं.

करमाळ्याहून बारावी करून मी पावण्याच्या कारखान्यात लागलो, तेव्हा काकांनी घरावरची खोली दिली. आमच्या घरात कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं. नेरूळच्या कॉलेजच्या अर्जावर पालक म्हणून सही काकांनीच केली. पहिल्या दिवशी माझे पाय निघेनात. काका म्हणाले, "भिऊन गेलास तरी चालंल, पन रेघेला पाय लावूनच परत ये." ते तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळलेले. निवृत्त झालेल्या नामांकित खेळाडूंना ते पत्र लिहायचे, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. प्रश्न एकच: आयुष्यभर विसरला नाहीत असा एक डाव सांगा. त्यांचा हात थरथरायचा म्हणून पाकिटांवरचे पत्ते मी लिहायचो. उत्तर आलं की काका ते प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून मागे चिठ्ठी लावत: कुणाचं, कुठून, कधी मिळालं. टाइप केलेलं चालत नसे. "चढाई करनाऱ्याचा हात कागदावरपन कलतो," म्हणायचे.

बाळारामदादा म्हणजे उरणचे गाजलेले चढाईपटू. काकांनी त्यांना सहा वेळा लिहिलं, उत्तर एकदाही नाही. "त्याचा घोटा मी धरला व्हता, आपटलाच त्याला. म्हनून रुसलाय," असं सांगून काका हसायचे. मग ते दवाखान्यात पडले आणि हसणं थांबलं. रोज सकाळी विचारायचे, "टपाल आला का रं?" आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस करतो तसं केलं. डाव्या हातानं पत्र लिहिलं आणि शिक्का तिथलाच पडावा म्हणून उरणला जाऊन पेटीत टाकलं. तीन दिवसांनी तेच पत्र मला काकांच्या उशाशी बसून वाचावं लागलं. आवाज अडखळत होता. काका डोळे मिटून ऐकत होते. "बालाराम मऊ झाला रं," एवढंच म्हणाले. मग कव्हर, चिठ्ठी आणि पेन्सिल मागितली. "तू जा, चा पिऊन ये." नवव्या दिवशी ते गेले.

शनिवारी फाईल समोर घेऊन मी कितीतरी वेळ नुसता बसलो. हा माझ्या वडलांचा हात नाही, असं तो मुलगा म्हणाला तर? मग बाकीच्या पत्रांवर तरी कोण विश्वास ठेवेल? काकांनी आयुष्यभर जमवलेलं माझ्यामुळे खोटं ठरणार होतं. शेवटी ते कव्हर उलटं केलं. मागे थरथरत्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं:

"शिवाजीचं. पावण्याहून. घोटा माझ्या हातून निसटला होता, ते बाळारामला ठाऊक आहे. धरला असं मी फक्त शिवाजीला सांगत आलो. हे काचेत लावू नये. त्याचं त्याला द्यावं."

म्हणजे वाचताना माझा आवाज का अडखळत होता, हे त्यांना तेव्हाच समजलं होतं...

रविवारी बाळारामदादांच्या मुलाला मी सगळं खरं सांगितलं. भिऊनच गेलो, पण रेघेपर्यंत गेलो. त्यानं काकांची चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, "बाबांचा घोटा कवाच कुनाला गावला नाय." आणि चिठ्ठी पुन्हा एकदा वाचायला मागितली.

पत्र आता माझ्या टेबलाच्या खणात आहे, काकांनी घातलं त्याच कव्हरात. मी त्यांना पाठवलेलं ते एकच पत्र:

"प्रिय दामोदर, उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. तू माझा घोटा धरलास तो डाव मी विसरलेलो नाही. इतकं घट्ट मला पुन्हा कुणी धरलं नाही. सोडू नकोस. बरा हो. तुझा, बाळाराम."