पयलं वाच, मंग आंगठा

ग्रामसभेला येताना सभाआजी साबणाचे रिकामे कागद घेऊन यायची. नुसते साबणाचेच नाहीत. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन, टॉर्चच्या सेलचा पुठ्ठा, डोकेदुखीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, असलं सगळं तिच्या कापडी पिशवीत पानाच्या चंचीशेजारी घडी घालून ठेवलेलं असायचं. वाडीतल्या बाकीच्या बायका हा कचरा चुलीत घालायच्या. ही मात्र तो पदराने पुसून जपायची आणि वेळ आली की सभेत बाहेर काढायची. आणि वेळ प्रत्येक सभेत यायचीच.

तिचं खरं नाव मतदार यादीत होतं, तेवढंच. गावात आणि वाडीत सगळे तिला सभाआजी म्हणत, कारण लग्न असो की मयत, तिने एकही ग्रामसभा चुकवली नव्हती. शहापूरहून तानसा धरणाकडे जाताना आत वळलं की ते गाव लागतं. खाली शेतकऱ्यांचं गाव, वर डोंगराला लागून ठाकरांची वाडी, आणि दोघांची मिळून एक ग्रामसभा. तिथे माझी पहिली नेमणूक झाली. आता आमच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी असं भारदस्त नाव मिळालंय. तेव्हा मी साधी ग्रामसेविका होते, तीही कच्ची. कामातलं फारसं कळत नव्हतं, पण अक्षर सुंदर होतं. शाळेत त्याबद्दल बक्षीसही मिळालं होतं, आणि त्याचा मला चांगलाच गर्व होता.

सभाआजीला वाचता येत नव्हतं, पण माझं अक्षर तिला आवडायचं. ठराव लिहून झाला की ती वहीवर वाकून बघायची आणि म्हणायची, "मुंग्या कशा रांगंत चालल्यात बघ." एवढं कौतुक करूनही अंगठा मात्र लगेच देत नसे. "पयलं वाच, मंग आंगठा," हे तिचं ठरलेलं. मी वाचायचे. ती डोळे मिटून ऐकायची, मधेच थांबवायची, एखादं वाक्य पुन्हा वाचायला लावायची. पूर्वी कधीतरी तिने न ऐकता अंगठा दिला होता आणि तिच्या नावाचं घरकुल भलत्याच्याच दारात उभं राहिलं होतं. तेव्हापासून ही सवय. संध्याकाळी शहापूरला खोलीवर परतायची शेवटची गाडी चुकेल म्हणून मी चडफडायचे, पण तिच्यामुळे बाकीच्या बायकाही तेच म्हणायला लागल्या होत्या. त्या गावचे ठराव मी जितके मोठ्याने वाचले तितके नंतर कुठेच वाचले नाहीत.

खरी जुंपायची ती निधीवरून. पेसा कायद्याने आदिवासी गावांच्या ग्रामसभेला थेट पैसे येतात आणि ते कुठे खर्चायचे हे सभेने ठरवायचं असतं. वाडीला विहिरीपर्यंत पायवाट हवी होती. गावाला देवळापुढे काँक्रीट हवं होतं. एका सभेत किराणा दुकानवाले अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "कर आमी भरायचा, आन् निधी यांनी खायचा. हा कुठला न्याय? घर यांना, धान्य यांना, जमीन यांना. आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?" माणूस वाईट नव्हता. त्यांचा मुलगा दोन वर्षं नोकरीसाठी वणवण करत होता, आणि तो राग असा बाहेर पडत होता. मागून टाळ्याही पडल्या.

सभाआजीने पिशवीतून साबणाचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "वाच गो बाय. मोठ्यानी." मी किंमत वाचली. "त्याच्याफुडं काय लिवलंय?" पुढे बारीक अक्षरात इंग्रजीत छापलं होतं. मी मराठीत सांगितलं, "सर्व करांसहित."

"ऐकलं का रे अण्णा?" ती म्हणाली. "तुझ्याच दुकानातली वडी हाय. मी आंग धुते तवा पन कर भरते. तू मला कंदी करावाचून बिस्कुट दिलास? आन् तानशाचं पानी आमच्या उशाखालून ममईला जाते. आमी हंडा घेऊन डोंगर उतरतो. आमी कंदी बोललो का, का ममई आमचं खाते?"

सभेत हशा पिकला. अण्णाही हसले आणि खाली बसले. पायवाटेचा ठराव मंजूर झाला. रविवारी मी शेणव्यावरून मुरबाडला घरी गेले तर जेवताना वडील टीव्हीवरची चर्चा बघून अगदी अण्णांचंच वाक्य बोलले. मी उठले, मोरीतून साबणाचा कागद आणला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. आईला वाटलं, नोकरीने पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

सभेनंतर वडाच्या पारावर बसून सभाआजी जुन्या गोष्टी सांगायची. तिची सगळ्यात लाडकी गोष्ट जंगलच्या गार्डांना चकवल्याची. वाडीच्या वर डोंगराच्या उतारावर तिचा एक तुकडा होता. सासऱ्याने दगड रचून बांध घातलेला, नवऱ्याने फणस लावलेला. तिथे ती नागली आणि वरई करायची. कागदावर ती जंगलखात्याची जमीन. एकदा गार्डाने नवऱ्याला नांगरासकट पकडून नेलं, पावती-बिवती काही न देता. नांगर परत आलाच नाही आणि नवरा महिनाभर कुणाशी बोलला नाही. त्यानंतर खाकी कपडा दिसला की ती विळा पाठीमागे लपवायची आणि तोंड वेडगळ करून म्हणायची, "नाय रे सायेब, आमी इथं काय पेरत नाय. गुरं आली व्हती, ती बघाया आले." हे ती असं हुबेहूब करून दाखवायची, की बायका हसून हसून लोळायच्या. मीही हसायचे. "हयातीत एकदा पन दंड नाय भरला," असं म्हणून ती विड्याला चुना लावायची.

मग वनहक्काचे दावे भरायची वेळ आली. कायदा सांगत होता की जे पूर्वीपासून जंगलजमीन कसत आलेत, त्यांच्या नावावर ती करायची. पुरावा काय, तर सगळ्यात पक्का पुरावा दंडाची पावती. जे पकडले गेले होते, त्यांच्याकडे सरकारनेच शिक्का मारून दिलं होतं की हा माणूस अमुक साली इथे शेती करत होता. जी कधीच सापडली नव्हती, तिच्याकडे काहीच नव्हतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने चंची उघडली आणि तशीच मिटली. मग म्हणाली, "म्हंजे मी हुशार व्हते, त्येच चुकलं व्हय?" तरी तिचा दावा भरला. बांध होता, फणस होता, वाडीतल्या म्हाताऱ्यांचे जबाब होते. जागेवर पाहणी झाली की काम होईल, असं मला खरंच वाटत होतं.

पाहणीच्या आधी आठ दिवस सभाआजी वाडीतल्या घराघरात फिरली. "भिऊ नका. इचारलं का सांगायचं, आमी कसतो, आमचा बाप कसत व्हता. मान वर करून सांगायचं." गावच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष बारकू, तिच्या पुतण्याचा मुलगा, मला म्हणाला, "मॅडम, आजीनीच सगळ्यांना तयार केलंय. आपल्याला काय कामच नाय." आणि तसंच झालं. सकाळपासून एकेका तुकड्यावर बायका-माणसं उभी राहिली आणि धडाधडा बोलली. सोबत जंगलखात्याचा एक तरुण गार्ड होता. सभ्य मुलगा, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा, पण अंगावर खाकी होतीच.

दुपारी आम्ही सभाआजीच्या तुकड्यावर पोचलो. गुडघाभर नागली उभी होती. ती बांधाजवळ तण बेणत बसली होती. गार्डाची चाहूल लागताच उठली, आणि तिचा विळ्याचा हात मी पाठीमागे जाताना पाहिला.

"आजी, इथे कोण पेरतं?" त्याने विचारलं.

"नाय रे सायेब, आमी इथं काय पेरत नाय. गुरं आली व्हती, ती बघाया आले."

मला वाटलं, गंमत करतेय. मी हसलेसुद्धा. पण मग तिचा चेहरा पाहिला. ते वेडगळ तोंड ती मुद्दाम करत नव्हती. ते आपोआप आलं होतं.

बारकू ओरडला, "आजी, काय बोलतेस? नीट सांग!" मीही म्हटलं, "आजी, ही तुझीच नागली ना?" तिने गार्डाच्या खांद्यावरच्या पट्टीकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "नाय गो. आमची नाय." गार्ड बिचारा माझ्याकडे बघू लागला. मी काय करायला हवं होतं, हे आज मला स्पष्ट कळतं. पेन बंद करायला हवं होतं. तिला फणसाखाली बसवून पाणी पाजायला हवं होतं, दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं. पण ऊन मी म्हणत होतं, अजून चार तुकडे बाकी होते, नोकरी कच्ची होती, आणि शेजारी दुसऱ्या खात्याचा माणूस उभा होता. शिवाय, खरं सांगायचं तर, मला तिचा राग आला होता. जे उत्तर आलं तेच लिहायचं, असं मनाशी म्हणून मी पंचनाम्यात लिहिलं, "दावेदार सदर जागा कसत नसल्याचे सांगते."

मग तिचीच शिस्त म्हणून मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने नेहमीसारखे डोळे मिटून ऐकलं. अंगठा पुढे केला. मी शाईची डबी उघडली.

तिथून निघालो तेव्हा तीही मागोमाग आली आणि ओढ्यापाशी खाली बसली. विळा अजून हातात होता. माझा हात धरून म्हणाली, "मी काय बोलले गो?" मी हात सोडवून कागद आवरले. ती ओढ्याचं पाणी तोंडावर मारत बसली, आणि आम्ही पुढच्या तुकड्याकडे गेलो.

वाडीतले बहुतेक दावे मंजूर झाले. तिचा फेटाळला. मी अपिलाचा अर्ज लिहिला, नागलीचे आणि बांधाचे फोटो जोडले, दोनदा रजा टाकून वरच्या कार्यालयात खेटे घातले. तिथल्या साहेबांनी पंचनामा उघडून माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, बाई स्वतःच नाही म्हणतेय. वाचून दाखवल्याचं तुम्हीच लिहिलंय. खाली तिचा अंगठा आहे. आता मी काय करू?" तो माणूसही चुकीचं बोलत नव्हता.

त्यानंतर ती सभेला यायची, पण मागे भिंतीला टेकून बसायची. पिशवी घरी ठेवून. एकदा निधीवरून पुन्हा तोच वाद पेटला, तेच "आम्ही भरतो, हे खातात". अण्णा बोलता बोलता थांबले आणि मागे वळून म्हणाले, "आजी, आज कागद नाय आनलास?" त्यांच्या आवाजात चिडवणं नव्हतं. त्यांना बहुधा तिच्याशी भांडायचं होतं. ती म्हणाली, "माझाच आंगठा हाय बाबा. मी कोनाला काय इचारू?" त्या दिवशी देवळापुढच्या काँक्रीटचा ठराव मंजूर झाला. मी तो वाचून दाखवला नाही, कारण कुणी वाचायला सांगितलंच नाही.

माझी बदली मुरबाडला झाली. वर्षभराने बारकूचा फोन आला की आजी गेली. वर तुकड्यावर रोपं लावण्यासाठी खड्डे खणायला जंगलखात्याची माणसं आली होती. ती सकाळी जाऊन बांधावर बसायची आणि त्यांचं काम संपेपर्यंत बघत राहायची. भांडली नाही, कुणाला अडवलं नाही. तापाने आठ दिवसांत आटोपलं. बारकू म्हणाला, "मॅडम, आमच्या सगळ्यांचं झालं तिच्यामुळं. तिचंच राह्यलं." मी फोन ठेवला आणि कार्यालयात सगळ्यांसमोर रडले.

आता कुठेही जागेवर पाहणीला गेले की खाकीतल्या माणसाला मी बांधाच्या पलीकडे थांबायला सांगते. काही जण चिडतात, वर तक्रार करतात. करोत. म्हातारं माणूस असेल तर आधी पाणी देते, घरच्या गोष्टी काढते, आणि त्याचे हात मोकळे झाले की मगच पेन उघडते. तिच्यासाठी ही अक्कल फार उशिरा आली.

बदलीच्या दिवशी ती मला निरोप द्यायला कार्यालयात आली होती. फडक्यात बांधून नागली आणली होती, त्याच तुकड्यावरची. ती टेबलावर ठेवली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बाय, ती एक ओळ खोडता येत नाय का गो?"

मी म्हटलं, "नाही आजी."

तिने टेबलावरच्या उघड्या वहीकडे पाहिलं, माझ्या ओळींवरून न टेकवता बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती झाक लिवलंस. आन् खोडता येत नाय."

फडकं तिने परत मागितलं. नागली मी डब्यात ओतून घेतली, फडकं झटकून दिलं, आणि ती पायऱ्या उतरून वाडीच्या वाटेला लागली.