भट्टीतल्या अक्षता

जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरामागे कपडे वाळत घालायची जी चिंचोळी जागा आहे, तिथे माझी भट्टी असते. मातीची भांडी भाजायची, विजेवर चालणारी, छोट्या फ्रिजएवढी. घरमालकाला मी 'ओव्हन' म्हणून सांगितलंय, आणि त्यात खोटं काय आहे? बारा महिने घाम काढणाऱ्या या परदेशी गावात घरात आणखी हजार अंश तापवणारी बाई म्हणून ओळखीचे लोक मला हसतात. हसोत. आत माती ठेवावी आणि बाहेर दगड यावा, याची मला अजून सवय झालेली नाही. प्रत्येक वेळी दार उघडताना मी गप्प होते, आणि मी गप्प होणं ही आमच्या घरात बातमी असते.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली. बाबा गेल्यापासून तिनं डोक्यात घेतलं होतं, की आपला हात लागला की काम नासतं. कुणाच्या हळदीकुंकवाला जायची नाही, देवाला फूल वाहायची नाही. मला भयंकर राग यायचा. एक दिवस मी तिच्या हातात मातीचा गोळा कोंबला. दुपारभर बसून तिनं एक वाटी केली, जरा वाकडी, सगळीकडे बोटांचे ठसे उमटलेली. ती वाळेपर्यंत दसरा आला. मी म्हटलं, "भट्टीची पूजा तूच करायची. नाहीतर मी ती लावणारच नाही."

तिनं पूजा केली, आणि अगदी मनापासून केली. मी पुऱ्या तळत होते, तेवढ्यात तिनं दार उघडून आतही मूठभर अक्षता टाकल्या. मी न बघता वाटी आत ठेवली आणि बटण दाबलं.

दुपारी तापमानाचा आकडा चढायचा थांबला आणि मग उतरू लागला. भट्टी गार झाल्यावर उघडली, तर आतली तापणारी तारेची कॉइल तुटलेली आणि वाटी अर्धीकच्ची. आईनं एकदाच पाहिलं.

"सांगत होते ना तुला," ती म्हणाली. "टाकून दे ती वाटी." आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

माझा नवरा आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्यानं प्लग काढला, टॉर्च घेऊन भट्टीत डोकं घातलं आणि तिथूनच हाक मारली, "आई, जरा येता का? हे बघा, तांदूळ."

विटांमधल्या ज्या खाचेत कॉइल बसते, तिथे काळे दाणे चिकटले होते. "हे जळून तारेला लागले. तिथे तार जास्त तापली आणि तुटली," तो म्हणाला. मी डोळे वटारले. या माणसाला वेळेवर एक साधी थाप मारता येत नाही.

पण आई चष्मा लावून वाकली. "म्हणजे तांदळानं झालं?"

"तांदळानंच."

"दुसऱ्या कुणी टाकले असते तरी?"

"मी टाकले असते तरी."

आईनं नखानं एक दाणा खरवडून पाहिला. मग म्हणाली, "मग ते निवडून काढायला नकोत का?"

जुना टूथब्रश आणि दाभण घेऊन तिनं एकेक दाणा काढला. नवऱ्यानं नवी कॉइल आणली. ती घट्ट गुंडाळलेली येते. ओढून लांबवावी लागते, आणि सगळीकडे सारखी. कुठे वेटोळी दाटीनं राहिली, की तिथे पुन्हा जळणार. हॉलमध्ये एक टोक आईनं धरलं, दुसरं मी. तिनं वेटोळी मोजत सारखी ओढली. तार खाचेत बसवली, भट्टी एकदा रिकामी तापवून पाहिली आणि मग वाटी पुन्हा आत ठेवली.

भट्टीच्या दाराला एक भोक असतं, त्यात मातीचं बूच. आकडा हजाराच्या जवळ गेला तेव्हा मी बूच काढलं आणि आईला काळा चष्मा लावायला दिला. ती वाकली आणि दचकून मागे सरली.

"अगं, वाटी कुठंय?"

"आत आहे. वाटी आणि भिंती सारख्याच तापल्यात, दोन्हींचा उजेड एकच झालाय. म्हणून वेगळी दिसत नाही एवढंच."

तिनं पुन्हा डोळा लावला. आत कड नव्हती, कोपरा नव्हता, सावली तर नव्हतीच. सगळा केशरी उजेड. मला ते दर वेळी बघून भरून येतं.

बाबांना विद्युतदाहिनीत नेलं होतं. आई गेली नव्हती. मी दारापर्यंत गेले होते.

"तिथं पण असंच असतं का गं?" तिनं न वळता विचारलं.

"असंच असणार, आई."

"इतका उजेड?" ती म्हणाली. "मला इतके दिवस वाटत होतं, त्यांना अंधारात ठेवलंय."